डावीकडची चक्कर

हे तुम्ही पलंगावर पडल्या पडल्या वाचत असाल आणि अक्षरं एका बाजूला पळत असतील, तर वाचू नका. डोळे मिटा आणि घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. पळणारी अक्षरं पकडायचा प्रयत्न मी करून बघितला आहे. त्यातून फक्त ओकारी हाती लागते.

मी मोहाडीत राहते. आमचं कापडाचं दुकान आहे. नवरा दिलीप गल्ल्यावर बसतो, साड्यांची बाजू मी बघते. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. मला लहानपणापासून प्रत्येक गोष्टीत ‘काहून?’, म्हणजे ‘का?’, असं विचारायची खोड आहे. वरण उतू गेलं तरी मी आधी ते असंच काहून गेलं हे बघत बसते आणि गॅस नंतर बंद करते. म्हणून सासूबाई मला चारचौघांत ‘आमची काहूनबाई’ म्हणतात. आजारपणात ही खोड मला फार उपयोगी पडली, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मोज्यातला चिन्नोर

पोई हा शब्द आमच्याकडे कुणाला माहीत असायचं कारण नाही. दोन लांब मोजे घ्यायचे, प्रत्येकाच्या पायाकडच्या टोकात ओंजळभर तांदूळ भरून गाठ मारायची, दुसरं टोक बोटांत अडकवायचं आणि दोन्ही हातांनी दोन्ही मोजे गोल गोल फिरवायचे. झाली पोई. हे मला ज्योत्स्नानं शिकवलं. ज्योत्स्ना ही माझी भंडाऱ्यातली मैत्रीण, पूर्वी झाडीपट्टीच्या नाटकांत नाचाची कामं करायची. एका नाचासाठी तिनं मोबाईलवर बघून बघून पोई शिकून घेतली. पुढे नाटकं सुटली, पोई राहिली. मी सुट्टीच्या दिवशी स्कूटी काढून तिच्या गच्चीवर जायची. माझ्या मोज्यांत चिन्नोर, म्हणजे आमच्याकडचा महागाचा वासाचा तांदूळ, निघाला तेव्हा दिलीप दोन दिवस तोंड पाडून होता. पोत्यात हात घातला तो चिन्नोरच्या, त्याला मी काय करू?

फिरवणं सोपं आहे. कठीण आहे ते फिरणाऱ्या मोज्याला एका सपाटीत ठेवणं. सायकलचं चाक कसं एका रेषेत फिरतं, लडबडत नाही, तसं. त्याहून कठीण म्हणजे ते चाक तसंच फिरत ठेवून आपण स्वतः वळणं. ज्योत्स्ना ओरडायची, “हात नोको फिरवू, आंग फिरव! चाकाले राहू दे जागेवर!”

यातली गंमत मला कळली तेव्हा मी गच्चीवर खालीच बसले होते. समजा मी उगवतीकडे तोंड करून उभी आहे आणि माझ्या डाव्या बाजूला चाक पुढे फिरतं आहे. आता मी डावीकडे वळत वळत मावळतीकडे तोंड केलं. चाकानं काहीच केलं नाही, ते होतं तिथंच आणि तसंच फिरतं आहे. पण माझ्या हिशेबानं ते आता उजव्या बाजूला आलं आणि मागे फिरायला लागलं! अर्ध्या वाटेवर तर ते बाजूचं चाक राहतच नाही, माझ्या तोंडासमोरची भिंत होतं. म्हणजे चाक काय, भिंत काय, पुढे काय, मागे काय, हे सगळं मी कुठं तोंड करून उभी आहे त्यावर.

या वळण्याला आम्ही ‘चक्कर’ म्हणायचो. उजवीकडची चक्कर मला यायची. डावीकडची येत नव्हती.

फोन

त्या दिवशी सकाळी मी डोळे उघडले आणि खोली उजवीकडे निघाली. खिडकी सरकली, कपाट सरकलं, पुन्हा जागेवर येऊन पुन्हा सरकलं. उठायला गेले ती डावीकडे सरळ जमिनीवर. थंडगार फरशीला गाल लावून पडले आणि घट्ट डोळे मिटले, तरी फिरणं चालूच. दिलीप दुकान उघडायला गेला होता, सासूबाई देवळात. हातात मोबाईल होता, त्यात आंधळेपणानं शेवटचा लावलेला नंबर दाबला गेला, तो ज्योत्स्नाचा.

“ज्योत्स्ना,” मी म्हटलं, “मले चक्कर आली.”

पलीकडे ती जवळजवळ नाचलीच. “आली? आली का वो? डावीकडची?”

“हो, डावीकडेच…”

“वा रे वा! मी म्हनत होती ना! आता पाह्य, एकदा आली का मंग जात नाही!”

मला काही बोलण्याआधी उलटी झाली. तो आवाज ऐकल्यावर तिला समजलं आणि तिनंच दिलीपला फोन करून घरी पाठवलं. पुढे ती हात जोडून माझी माफी मागायची आणि आम्ही दोघी हसत सुटायचो. पण फरशीवर पडलेली असताना डोक्यात एकच वाक्य बसलं होतं. एकदा आली का मंग जात नाही.

नाकाकडे बघा

दिलीपनं शेजारच्यांची गाडी काढून मला भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. मागच्या सीटवर सासूबाईंच्या मांडीवर माझं डोकं. माझे सासरे लकव्यानं गेले, त्यांचीही सुरुवात अशीच तोल जाऊन झाली होती. गाडीत आम्हा तिघांनाही तेच आठवत होतं. मला खूप भीती वाटली. मरायची नाही, अर्धी राहून जायची.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, म्हणाले, “माझ्या नाकाकडे बघा, काही झालं तरी नाक सोडायचं नाही,” आणि मान एकदम झटक्यानं वळवली. उजवीकडे वळवली तेव्हा नाक जागेवर राहिलं. डावीकडे वळवली तेव्हा नाक नजरेतून निसटलं आणि मला ते शोधून परत आणावं लागलं. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा तेच. इतकी मळमळ होत असतानाही मला वाटलं, अरे, हे तर कळायला पाहिजे. हे डावीकडेच काहून?

खात्रीसाठी नागपूरहून मेंदूचे फोटो काढून आणले. ते ठीक आले तेव्हा डॉक्टर आमच्यासमोर खुर्ची ओढून बसले. “लकवा नाही,” हे त्यांनी आधी सासूबाईंकडे बघून सांगितलं. मग म्हणाले, “डाव्या कानाच्या आत तोल सांभाळणारी नस असते, ती सुजली आहे. मागे सर्दी-ताप झाला होता ना, त्यानं होऊ शकतं.”

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच विचारलं, “डाक्टरसाहेब, ते मोजे गरागरा फिरवते ना हे, त्याच्यानं तर नाही झालं?”

“नाही, आजी. त्याचा काही संबंध नाही.”

सासूबाईंनी मान हलवली. पण मी त्यांना ओळखते, त्यांना पटलेलं नव्हतं.

भिंतीकडचा पलंग

काही दिवस दवाखान्यात होते. तिथला दिवस फिनाईलच्या वासानं सुरू व्हायचा. मग सलाईन, मग “ताई, डोळे उघडा जरा,” मग दिलीपनं आणलेला चहा, जो मी हातात धरून नुसती बसायची. मळमळ असली की माणसं केरळी नारळाच्या तेलापासून लिंबाच्या सालीपर्यंत काहीही सुचवतात. मला फक्त हवं होतं ते म्हणजे कुणी माझ्या पलंगाला धक्का लावू नये.

एका नर्सताईनं मात्र न सांगता एक गोष्ट केली. मी सारखी डावीकडे कलंडते हे बघून तिनं माझा पलंग असा फिरवला की डाव्या अंगाला भिंत आली. मी तळहात भिंतीवर टेकवून पडून राहायची. हात सांगायचा, भिंत थांबलेली आहे. डोळे सांगायचे, सरकते आहे. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय हे मी तासन् तास बघायची. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली की जग दोन्हीकडे फिरत नव्हतं, एकाच बाजूला फिरत होतं, डावीकडून उजवीकडे. म्हणजे यात वेडेपणा नव्हता, काहीतरी नियम होता. नियम आहे म्हटल्यावर माझी भीती अर्धी झाली. बाकीची अर्धी संडासाला जाताना लागायची.

त्या जाण्यायेण्यात दिलीप माझा दंड धरायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रस्त्यात त्यानं कधी माझा हात धरला नव्हता. आता भर वॉर्डात धरायचा आणि लाजायचाही. मला ते आवडायचं, हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही, आता इथं सांगते.

कोंबड्यांनी खाल्लं

घरी आल्यावर खोली फिरायची थांबली, पण मी सरळ झाले नाही. मान डावीकडे वळवली की डोळ्यांपुढचं सगळं उडी मारायचं. बायको पडेल या धाकानं दिलीप दिवसभर “हळू, हळू” करायचा. स्कूटीची किल्ली दुकानाच्या गल्ल्यात गेली. चूल, न्हाणीघर, अंगण, कुठंही गेले की दोघांपैकी एक मागे. मी भिंत धरून चालायची आणि डावीकडच्या दाराने बाहेर जायचंच टाळायची.

एका सकाळी मी माझे मोजे शोधले. दोरीवर धुऊन वाळत घातलेले, रिकामे.

“आई, यातला तांदूळ?”

“कोंबड्यांनी खाल्ला.”

“कोंबड्यांनी मोज्याची गाठ सोडली?”

“मी सोडली,” सासूबाई म्हणाल्या. “लय झालं ते फिरवनं. फिरवता फिरवता डोकं फिरलं तुयं.”

“डॉक्टर म्हणाले ना, संबंध नाही.”

“डाक्टर कालचा पोरगा हाये. मी तुह्या सासऱ्याले पाहिलं हाये.”

संध्याकाळी दिलीपही तेच म्हणाला. “बंद कर आता ते. कायले पायजे?” मी म्हटलं, “काहून बंद करू?” तो म्हणाला, “माह्याच्यानं नाही पाहवत, म्हनून.” मला त्याचा राग आला. त्याहून जास्त भीती वाटली की याचं बरोबर असेल तर? मी आता अशीच, एका बाजूला कधीच न वळणारी बाई होऊन राहीन तर? त्या दिवशी मी रडले, आणि रडताना मान डावीकडे जाणार नाही याची काळजी घेतली. मग त्या काळजीचीच चीड आली.

चक्कर येऊ द्या

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी चक्करची गोळी बंद केली.

“अहो, मग चक्कर येईल ना!” दिलीप म्हणाला.

“येऊ द्या,” डॉक्टर म्हणाले. “ती नसेल तर मेंदू शिकेल कशावरून? ज्या बाजूला भीती वाटते त्याच बाजूला मान वळवायची. थोडी थोडी, रोज.” त्यांनी माझाच अंगठा माझ्या डोळ्यांसमोर धरायला लावला. “अंगठा जागेवर. नजर अंगठ्यावर. डोकं फिरवा.”

मी दोनदा डोकं फिरवलं आणि थांबले. हे मी कुठंतरी ऐकलं होतं. आंग फिरव, चाकाले राहू दे जागेवर!

मी ओढणीच्या टोकाला दिलीपच्या खिशातला दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा बांधला आणि बसल्या बसल्या बाजूला फिरवून दाखवला. दिलीपनं कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी आधी टेबलावरचा कॉम्प्युटर मागे ओढला, मग बघत राहिले. “हे फिरत असताना तुम्ही वळता? नजर कुठं असते?” त्यांनी मला बरंच विचारलं. मला फार बरं वाटलं. आजारी पडल्यापासून सगळे मला सांगत होते, विचारत कुणी नव्हतं.

“यानं तुम्ही आजारी पडला नाहीत,” ते म्हणाले, “आणि यानंच बऱ्या व्हाल असंही मी म्हणणार नाही. पण मान वळणार असेल तर करा. मऊ वस्तू घ्या. भिंतीजवळ. घरात कुणीतरी असताना.” शेवटचं वाक्य त्यांनी दिलीपकडे बघून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उशाशी दोन्ही मोजे भरून, गाठी मारून ठेवलेले होते. मला वाटलं त्यानं ठेवले. हात लावला तर वजन वेगळं लागलं.

“कनकी भरली त्यात,” सासूबाई दारातून म्हणाल्या. कनकी म्हणजे गिरणीत तुटलेला तांदूळ. “चिन्नोर कायले वाया घालतं? आन् मी घरात असल्याशिवाय हात लावजो नोको.”

थप्प

आमच्या मागच्या अंगणाला चुन्यानं पोतलेली लांब भिंत आहे. ती डाव्या हाताला ठेवून मी उभी राहिले आणि तिच्या अगदी जवळ, तिला समांतर चाक फिरवायला लागले. फिरवणं सपाट असेल तर मोजा भिंतीला लागत नाही. जरा कललं की थप्प.

थप्प. थप्प. थप्प.

मला वाटत होतं चाक अगदी सरळ आहे. ज्योत्स्ना भेटायला आली तेव्हा तिनं मागे उभं राहून व्हिडिओ काढला आणि दाखवला. चाक डावीकडे कललेलं, जसा एखादा पाट एका कडेवर टेकवून ठेवावा. आणि त्याच्यामागे मीही तेवढीच कललेली! मी म्हटलं, “मला तर सरळ वाटून राहिलं होतं.” ती म्हणाली, “म्हनूनच तर बाजूले ही भित पायजे.” माझ्या आतला ओळंबाच सरकला होता, आणि सरकलेल्या ओळंब्यानं मी सगळं जग मापत होते. हे कळल्यावर मला धक्का बसायला हवा होता. पण खरं सांगते, मला मजा वाटली. म्हणजे मी वेंधळी झाले नव्हते. मी माझ्या मापानं बरोबरच होते, माप तेवढं दुरुस्त करायचं होतं.

मग रोज दुपारी दिलीप दुकानात असताना भिंत आणि मी. भिंतीवर मोज्यांचे मळकट डाग पडले. डावीकडे वळायला गेले की पोटात ढवळायचं, अंगठ्याऐवजी नजर भिंतीतल्या एका खिळ्यावर धरायची, तरी चाक लडबडायचं आणि थप्प. काही दिवस चांगले जायचे, मग मधेच असा एखादा वाईट दिवस यायचा की मी पुन्हा पलंगावर. बऱ्या होणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. वाईट दिवस आला म्हणजे आजार परत आला असं नाही. माझाही दर वेळी तोच समज व्हायचा आणि मी दर वेळी घाबरायची.

सासूबाई आत स्वयंपाकघरात बसलेल्या असायच्या. बाहेर त्या येत नसत, त्यांना ते बघवत नव्हतं. पण कान इकडेच. एकदा शेजारीण म्हणाली, “कसला आवाज येते वो तुमच्या घरून?” तर सासूबाई म्हणाल्या, “थो आवाज येऊन राहिला म्हनजे सून उभी हाये.” हे ऐकून मला हसू आलं.

तर अशीच एक दुपार. सासूबाई आत भाजीसाठी कांदे सोलत होत्या. मी उगवतीकडे तोंड करून चाक धरलं, खिळा बघितला आणि डावीकडे वळायला लागले. बाजूचं चाक हळूहळू समोर आलं. दोन्ही मोजे माझ्या नाकासमोर आणि भिंतीच्या अलीकडे, त्या एवढ्याशा फटीत, भिंतीला न शिवता फिरत होते. पोटात काही हललं नाही. खिळा जागेवर. मी वळत राहिले. मावळतीचं ऊन डोळ्यांवर आलं तेव्हा चाक माझ्या उजव्या बाजूला होतं आणि मागे फिरत होतं. म्हणजे ते तसंच फिरत होतं, फिरले होते ती मी. मी परत उगवतीकडे आले आणि पुन्हा डावीकडे वळले. पुन्हा तेच. अंगणात नुसता मोज्यांचा सूं सूं आवाज.

थप्प थांबलं होतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. आतल्या माणसाच्या मात्र आलं.

“काहूनबाई!” आतून हाक आली. “काय झालं वं?”

मला इतका आनंद झाला होता की शब्द निवडायचं भान राहिलं नाही. मी ओरडले, “आई, चक्कर आली! डावीकडची!”

आत ताटली पडल्याचा आवाज आला. सासूबाई हातात कांदा घेऊन धावत आल्या. येता येताच त्यांनी तो मुठीनं फोडला होता, माझ्या नाकाशी धरायला. पदर खांद्यावरून गेलेला, चेहरा पांढराफटक. अंगणाच्या पायरीवर त्या थबकल्या. मी पडलेली नव्हते. मी फिरत होते, आणि हसत होते.

त्या बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “ते वाली?”

“हो आई. ते वाली.”

त्या पायरीवर मटकन बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कांद्याचं म्हणावं तर तेही खरं. मी जवळ गेले नाही, कारण चाक थांबवायची हिंमत होत नव्हती. नाक पुसून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा बघून घेतलं.

“मंग आता,” त्या म्हणाल्या, “जाऊ नोको देजो तिले.”